फिटिंगच्या घरात मधमाश्या

आमच्या गल्लीत कुणाच्या घरात कुणाचं चालतं, हे मला विचारावं. इतर लोक अंदाज बांधतात, मी खिडकीत बसतो. टेलरमास्तरांच्या घराची गोष्ट तशी सोपी होती. तळमजल्यावर मास्तरांचं चालायचं, माडीवर त्यांच्या थोरल्या बहिणीचं चालायचं, आणि मधला जिना तेवढा वहिनींच्या वाट्याला आला होता. कारण तो झाडायचा त्यांनाच.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणते, अगदी त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा.

मास्तर हे एकेकाळी मोठं प्रस्थ होतं. त्यांचा देव एकच, फिटिंग. त्यांनी शिवलेल्या कोटात एका वकिलाला खोल श्वास घेता येत नसे. पण आरशात बघून गडी इतका खूश, की श्वासाचं त्याने मनावर घेतलं नाही. कुणी चुकून म्हणालंच, "मास्तर, जरा सैल करा की," तर मास्तर त्याच्याकडे असं बघायचे, जणू त्याने दुकानात उलटी केली आहे. "सैल पाहिजे तर चादर गुंडाळ," म्हणायचे.

आणि वहिनी? दुकानाच्या मागच्या बाजूला एक पडदा होता. पडद्यामागे एक स्टूल, आणि स्टुलावर वहिनी. काजं करायची, बटणं लावायची, हातशिलाई करायची. ओठांत टाचण्या धरलेल्या असल्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. मास्तरांनी संसार सुखाचा झाल्याचं कारण मला एकदा हेच सांगितलं होतं. मात्र कात्रीला हात लावायची वहिनींना परवानगी नव्हती. कापड बेतणार ते मास्तर, कापणार ते मास्तर. वहिनींनी उरलेली भोकं पाडायची आणि बुजवायची.

पुढे तयार कपड्यांची दुकानं आली, गिऱ्हाईक आटलं, आणि मास्तरांनी दुकान बंद केलं. दुकानातलं कापड बेतायचं भलंमोठं टेबल घरी आलं आणि बाहेरच्या खोलीत असं ठाण मांडून बसलं, की पाहुण्यांना भिंतीला घासत आत जावं लागे. शेवटी ते मोडायला सुताराला बोलावलं.

हा सुतार कमी बोलणारा माणूस. त्याच्या स्वतःच्या परसात मधमाश्यांच्या पेट्या होत्या, त्यामुळे त्याला शांत राहायची सवय असावी. हात धुवायला तो मागच्या दारी गेला, तिथे लिंबाचं झाड फुललं होतं, कोथिंबीर काढायची राहून पांढरी धोप झाली होती, कुंपणाला सूर्यफुलं होती. तो कुंपणापर्यंत फेरी मारून आला आणि म्हणाला, "इथे पेटी मस्त राहील हो. माश्यांची."

मास्तर हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ह्याच टेबलाच्या लाकडाची होईल का?"

"अगं, वेड लागलंय का तुला?" मास्तर म्हणाले. "माझ्या टेबलात माश्या?"

"टेबल नाहीतरी मोडायचंच होतं ना?"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वन्सं उतरत होत्या. वन्सं म्हणजे माडीवरच्या त्या थोरल्या बहीणबाई, वहिनींची नणंद. वडिलांच्या वाटणीत परस त्यांच्या नावावर झालं होतं आणि ही गोष्ट त्या कुणाला विसरू देत नसत. तिथलं लिंबू तोडलं तरी, "विचारलंस का?" असा वरून आवाज येई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला.

"ठेव. पण एक सांगून ठेवते. ज्या दिवशी एक माशी मला चावली, त्या दिवशी पेटी फाटकाबाहेर. मग रडायचं नाही."

वहिनींनी मान डोलावली. दुपारी त्या आमच्या हिच्याजवळ काय म्हणाल्या ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरात भिंती पातळ आहेत आणि माझे कान जाड नाहीत. त्या म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्याने कापलेल्या कपड्याला काजं केली. एक तरी गोष्ट अशी हवी, जी पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच हातची."

तर गोष्ट ही अशी. पेटी राहिली तर वहिनींचं काहीतरी स्वतःचं राहणार होतं. आणि ती राहणार की जाणार हे अवलंबून होतं वन्संच्या कातडीवर.

सुताराने पेटी केली, तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. पेटीचं दार कुंपणाकडे केलं, म्हणजे माश्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत माणूस येणार नाही. एका संध्याकाळी त्याने आपल्याकडचं एक छोटं कुटुंब आणून आत सोडलं, राणी आणि तिच्या पाठच्या कामकरी माश्या. मग त्याची शाळा सुरू झाली. पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूने किंवा मागून जायचं. केसांना वासाचं तेल लावायचं नाही. केळं खाऊन जवळ जायचं नाही. माशी चिडली की तिच्या अंगाला तसाच वास येतो, मग बाकीच्या समजतात भांडण लागलं. माश्या शांत राहाव्यात म्हणून धुराचा डबा आधी पेटवून ठेवायचा, दोन फुंकी सोडायच्या, जास्त नाही. आतली पोळ्याची चौकट सरळ वर उचलायची, तिरकी नाही. आणि घाई म्हणून करायची नाही.

"घाई?" वहिनी म्हणाल्या. "मी रेशमी ब्लाउजला काजं केलीत, भाऊ."

सुतार पहिल्यांदाच हसला, असं ऐकतो.

आता अंगात घालायला पोशाख हवा. हे कळल्याबरोबर मास्तर खुर्चीतून ताडकन उठले. दुकान बंद झाल्यापासून त्यांच्या डोळ्यांत असं तेज कुणी पाहिलं नव्हतं. टेप गळ्यात होताच, तो झोपतानाही असतो असा माझा दाट संशय आहे. त्यांनी वहिनींची मापं घेतली. संसारात इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बायकोचे कपडे शिवणार, म्हणून छातीत हवा भरून घेतली. पांढरंशुभ्र जाड कापड आणलं, कंबरेत चुण्या घेतल्या, खांदा बसवला, पाठीत दोन टाके घातले, पायजम्याला इस्त्रीची धार आणली. टोपीला जाळी लावली तीसुद्धा चेहऱ्याला बेताची. वहिनी तो घालून बाहेर आल्या तेव्हा, खोटं कशाला बोलू, एखाद्या विमानातल्या बाईसारख्या दिसत होत्या. मी माझ्या खिडकीतून टाळी वाजवली. आमच्या हिने खिडकी लावून घेतली.

वहिनींनी पेटी उघडली. पहिली चौकट नीट वर आली. मग त्या जरा वाकल्या. वाकल्यावर कापड पाठीला ताणलं, खांद्याला ताणलं, आणि आणखी एका ठिकाणी ताणलं, ज्याचं नाव मी छापील लेखात लिहिणार नाही. माशीचा काटा म्हणजे सुई. कापड अंगाला घट्ट लागलं की तिला आरपार जायला कितीसा वेळ लागतो? वहिनींनी चौकट न टाकता जागेवर ठेवली, झाकण लावलं, आणि मग परसातून स्वयंपाकघरापर्यंत त्या ज्या वेगाने आल्या, तो वेग त्यांच्यात आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"अहो, चावल्या! सगळीकडे चावल्या!"

"कुठे? माझ्या शिवणीत कुठे फट आहे दाखव."

"फट कशाला हवी? कापडातूनच चावल्या!"

मास्तरांनी पोशाख फिरवून फिरवून पाहिला. "शिवण एक नंबर आहे," ते म्हणाले. "माश्यांना फिटिंग कळत नाही, त्याला मी काय करू?"

सुतार आला, पोशाख बघितला आणि तोंडावर हात ठेवून भिंतीकडे तोंड केलं. मग सांगितलं, की कापड आणि अंग यांच्यात हवा पाहिजे. जाळी तोंडापासून लांब पाहिजे. पोशाख जितका ढगळ, तितकी माणसाला झोप शांत.

"सैल?" मास्तर म्हणाले. "माझ्या हातून?"

"अहो, फक्त ह्यासाठी."

"माझ्या कात्रीतून झोळ निघणार नाही. मी मेल्यावर कर काय करायचं ते."

ते बाहेर निघून गेले. वहिनी खोलीत एकट्या राहिल्या. खुंटीवर कात्री होती. आमची ही तेव्हा लिंबं मागायला दारात आली होती, तिने पाहिलं. वहिनींनी हात पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला. मग खिडकीचा जुना पांढरा पडदा खाली काढला, जमिनीवर पसरला, आणि कात्री चालवली. कर्र कर्र आवाज आला. खडू नाही, माप नाही. नुसतं स्वतःच्या अंगाच्या दुप्पट. आमची ही म्हणते, कापताना त्या हसत होत्या आणि ओठांत एकही टाचणी नव्हती.

पोशाख झाला तो पोशाख म्हणावा की तंबू, यावर गल्लीत दोन मतं होती. बाह्यांत उशी मावली असती. मास्तरांनी तो पाहिला आणि टेप गळ्यातून काढून खिशात घातला. त्यांना तो टेपला दाखवणंही अपमानाचं वाटलं असावं. वन्सं माडीवरून म्हणाल्या, "काय गं, वारा आला तर उडशील हो!"

"उडाले तर वरच येईन, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

मी खिडकीत सावरून बसलो. नणंदेला असं उत्तर त्या घरात आजवर गेलं नव्हतं.

आणि तंबूने कमाल केली. माश्या कापडावर बसत, चालत, कंटाळून उडून जात. वहिनी रोज नाही, सुतार सांगेल तेव्हाच पेटी उघडू लागल्या. चौकट उन्हाकडे धरून त्या अंडी बघायच्या. तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, घराघराच्या तळाशी उभी केलेली. जिने काजाचा एकेक टाका मोजून घेतला, तिला ते दिसणं अवघड नव्हतं. एके सकाळी त्यांना राणीही दिसली, लांबट, तपकिरी, भोवती सगळ्याजणी तिच्याकडे तोंड करून. वहिनी धावत कुंपणापाशी आल्या आणि आमच्या हिला हाक मारून म्हणाल्या, "दिसली! अगं, ती काहीच करत नाही, नुसती अंडी घालते आणि बाकीच्या तिला भरवतात!" वरून खोकल्याचा आवाज आला. वन्संनी तो बोल स्वतःला लावून घेतला होता, आणि खरं सांगायचं तर, तो तसाच होता की काय, मला अजून समजलेलं नाही.

सगळं छान चाललेलं असताना वहिनींच्या हातांनी घात केला. त्या हातांना फट बघवत नाही. टेबलाचं लाकूड जुनं, पेटीला कुठे कुठे बारीक चिरा होत्या, झाकणाखाली हवेसाठी सुताराने मुद्दाम ठेवलेली एक पट्टी होती. वहिनींनी एका दुपारी कापडाच्या चिंध्या कापल्या, सुंदर घड्या घातल्या, आणि सुईच्या टोकाने एकेक चीर बुजवली. वरची पट्टीसुद्धा. काय काम केलं होतं! मुंगी शिरेना, वारा शिरेना. नवऱ्याने बायकोला आवळलं होतं, बायकोने माश्यांना आवळलं.

ऊन तापत गेलं, आत पिल्लं वाढत गेली, गर्दी झाली. संध्याकाळी माश्या पेटीच्या तोंडावर दाढीसारख्या लटकू लागल्या. वहिनींना वाटलं, बिचाऱ्या हवा खायला बाहेर बसल्यात. सुताराला विचारू, म्हणाल्या.

विचारायच्या आधीच ते झालं. भर दुपार. वन्सं माडीवरच्या गॅलरीत आरामखुर्चीत डुलकी घेत होत्या. मी माझ्या खिडकीत, नेहमीचा. एकाएकी परसातून असा घूं आवाज उठला की कुठे तरी गिरणी सुरू झाली असं वाटलं. पेटीच्या दारातून माश्या ओतू लागल्या, ओतू लागल्या, परसभर ढग झाला. ढग वर चढला. लिंबाच्या झाडाला घिरटी घातली. आणि मग, देवा रे, गॅलरीत शिरला. वन्संच्या खुर्चीच्या डाव्या हातावर माश्या बसू लागल्या. एकीवर एक. बघता बघता आंब्याएवढा, मग फणसाएवढा घड लोंबू लागला. वन्संचं कोपर त्यापासून वीतभरही लांब नव्हतं.

वन्संचे डोळे उघडले. तोंडही उघडलं.

खाली गल्ली गोळा झाली. कुणी म्हणे पाणी मारा, कुणी म्हणे मशाल आणा. कोपऱ्यावरचा एकजण फोन काढून म्हणाला, "औषध मारणाऱ्याला बोलावतो, एका फवाऱ्यात साफ." मास्तर अंगणात मधोमध उभे राहून, "ताई हलू नको! ताई पळ!" अशा दोन्ही सूचना एकदम देत होते.

वहिनी परसात पेटीपाशी उभ्या होत्या. त्यांनी झाकणाखालची चिंधी ओढून काढली. आतून गरम वाफ हाताला लागली. त्या एवढंच म्हणाल्या, "मीच कोंडलं गं तुम्हाला." मग तंबू अंगात चढवला, कपडे वाळत घालायची वेताची टोपली उचलली, आणि जिन्याकडे निघाल्या. दारातून मागे वळून त्यांनी फोनवाल्याला बजावलं, "माझ्या घरात कुणी फवारा आणला तर त्यालाच शिवून ठेवीन. अहो, तुम्ही वर या. चादर घेऊन."

मास्तर गेले हो! नुसते गेले नाहीत, धावत गेले.

गॅलरीत वन्संच्या मांडीवर माश्या, बाहीवर माश्या, अंबाड्यावर एक माशी आरामात चालतेय. वन्संचा श्वास वकिलाच्या कोटात असल्यासारखा.

"अगं... अगं ए... ही शेवटची..."

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, हळू, "आता अगदी गप्प बसायचं. तोंड मिटा. माशी तोंडात गेली तर मला काढता येणार नाही."

वन्संनी तोंड मिटलं. गल्लीत सुस्कारा गेला. हे दृश्य पाहायला लोक तिकीट काढून आले असते.

"निम्म्या मागे पेटीतच आहेत, ह्या पोट भरून नवं घर शोधायला निघाल्यात," वहिनी बोलत राहिल्या, जणू काज करताना सुईशी बोलताहेत. "घर नाही, म्हणून भांडण नाही. चिरडलं नाही, दाबलं नाही तर त्या काही करत नाहीत. अहो, टोपली अशी खाली धरा. हात थरथरू देऊ नका. थरथरतोय."

"नाही थरथरत."

"थरथरतोय. गुडघ्यावर टेका."

मास्तरांनी टेकला. वहिनींनी घडाच्या वरून बोटं घातली, जसं मखमलीच्या लवीवरून हात फिरवतात तसं, आणि एक मोठा लोंबता झुबका सरळ टोपलीत उतरवला. पुन्हा एकदा. मग ऊठबस करणाऱ्या माश्यांकडे बघत त्या थांबल्या. टोपलीच्या काठावर काही माश्या उभ्या राहिल्या, शेपटी वर करून भराभरा पंख मारायला लागल्या.

"राणी आत गेली," वहिनी म्हणाल्या. "ह्या बाकीच्यांना हाका मारताहेत. आता नुसतं बसायचं."

आणि खरंच, माश्यांनी रांग लावली. खुर्चीच्या हातावरून, वन्संच्या बाहीवरून, मांडीवरून, पायाच्या बोटांवरून चालत चालत सगळ्या टोपलीकडे निघाल्या. अंबाड्यावरची ती एक तेवढी वाट चुकली. वहिनींनी तिला बोटावर घेतलं आणि टोपलीच्या काठावर सोडलं. मग वरून चादर अलगद टाकली, खाली फट ठेवून. फट मुद्दाम ठेवली, हे मी वरच्या पट्टीत सांगतो.

एकही माशी वन्संना चावली नव्हती. मास्तरांना मात्र एक चावली, अंगठ्याला. त्यांनी हूं की चूं केलं नाही. टोपली सोडली नाही.

खाली सगळे थांबले होते. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे वन्संवर होतं. त्या उठल्या. बाही झटकली. कठड्यापाशी आल्या आणि गल्लीकडे बघून म्हणाल्या, "काय तमाशा आहे का? मी मुळीच घाबरले नाही, म्हणून जमलं हे. मी हलले असते तर?"

मग वळून वहिनींना म्हणाल्या, "चावली तर पेटी जाईल, असं म्हणाले होते मी. चावली का? नाही. मग? ह्या टोपलीतल्यांना दुसरी पेटी लागेल ना? परस मोठं आहे. सुताराला सांग. आणि माझ्या लिंबाच्या सावलीत ठेव, उन्हात नको."

तेव्हा टाळ्या पडल्या. वहिनींनी जाळीची टोपी काढली. चेहरा घामाने निथळत होता, केस कपाळाला चिकटलेले, आणि त्या मोठ्याने हसल्या. आमच्या गल्लीने त्यांचं हसणं एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. तिच्यायला, काय आवाज होता! रस्त्याच्या टोकाचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

ऊन उतरल्यावर सुतार रिकामी पेटी घेऊन आला. त्याने पहिली पेटी पाहिली, बुजवलेल्या चिरा पाहिल्या, वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी काही सांगायच्या आधीच चिंध्यांचा बोळा त्याच्या हातावर ठेवला. नवी पेटी त्याने लिंबाखाली मांडली आणि बाजूला झाला. चौकटी लावल्या वहिनींनी, टोपली उलटी केली वहिनींनी, झाकण ठेवलं वहिनींनी, आणि झाकणाखाली बोटभर पट्टी मोकळी आहे ना, हे दोनदा पाहिलं, वहिनींनीच.

मास्तर तेवढ्यात आतून पांढऱ्या कापडाचा तागा घेऊन आले. अंगठा भोपळ्यासारखा सुजला होता.

"दोन पेट्या झाल्या," ते कुठेतरी दुसरीकडे बघत म्हणाले. "तू एकटी कशी सांभाळणार? मलाही एक लागेल, तसला... तुझ्यासारखा."

"तंबू म्हणा की."

"तोच तो."

"मग शिवा."

मास्तरांनी तागा खाली ठेवला. मग खिशातून कात्री काढली आणि वहिनींच्या हातात दिली. "मला ते सैल बेतता येत नाही," ते म्हणाले. "तू काप. मी काजं करतो."